तोफेचा सुटा भाग कुठवर आला?

9 नोव्हेंबर 2018 रोजी नाशिकजवळच्या देवळालीत एम-777 या हलक्या तोफा लष्करात दाखल झाल्या. 2016 साली अमेरिकी सरकारशी थेट झालेल्या 145 तोफांच्या करारातल्या या पहिल्या.

तोफ एकदाच येते. तिचे सुटे भाग मात्र वर्षानुवर्षं येत राहतात. घरी बसून मोबाइलवर कुरिअर कुठवर आलं ते पाहावं, तशी सोय अमेरिकी संरक्षण खात्याने ग्राहक देशांसाठी केली आहे. ‘सिक्युरिटी कोऑपरेशन इन्फर्मेशन पोर्टल’, थोडक्यात ‘स्किप’. परवानगी मिळालेल्या अधिकाऱ्याला त्यावर फक्त आपल्या देशाच्या मागण्या दिसतात.

प्रत्येक मागणीला 14 अक्षर-अंकांचा क्रमांक असतो. सुरुवातीचं ‘बी’ म्हणजे भूदल, पुढचं ‘आयएन’ म्हणजे भारत. तारीखही त्यातच असते: 8313 म्हणजे 2018 सालचा 313वा दिवस, नेमका देवळालीच्या समारंभाचा. शिवाय मागणी कुठल्या टप्प्यावर आहे, त्याचा वेगळा संकेत. ‘बीबी’ दिसलं की समजावं, माल शिल्लक नाही, नवा साठा येईपर्यंत थांबावं लागणार.

खरी मेख वाहतुकीत आहे. मालाची मालकी बहुतेक वेळा अमेरिकेतच, तो रवाना होताच, ग्राहक देशाकडे जाते आणि पुढची जबाबदारी त्याच्याच वाहतूकदाराची. म्हणून खोका कुठे, कोणी ताब्यात घेतला याची नोंद फार मोलाची. भाग कमी, चुकीचा किंवा मोडका निघाला, तर तक्रार पोर्टलवरूनच करता येते. त्यासाठी मुदत साधारण एक वर्षाची.