नव्या शिक्षकाला हवा कल्याणमित्र

1907 साली भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले. त्यांच्या सत्कारसभेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. गुरुजी तिथेच थांबले नाहीत. पुढील शिक्षणाला पैसा नाही हे पाहून त्यांनी सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला आणि दरमहा 25 रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. धम्मात अशा माणसाला कल्याणमित्र म्हणतात.

आज संग्रामपूर तालुक्यातील वरवट बकालसारख्या गावी जिल्हा परिषदेचा नवा शिक्षक रुजू होतो तो शिक्षणसेवक म्हणून. 2000 साली आलेल्या या योजनेत तीन वर्षे मानधनावर काढायची. प्राथमिकचे मानधन 2023 मध्ये 16 हजार झाले, पण त्याच्या पाठीशी कोण उभे आहे? सातपुड्याच्या पायथ्याच्या लेकराची घरची बोली वेगळी, मायबाप मजुरीला गेलेले. त्याला कसे शिकवायचे, हे जुन्याजाणत्या शिक्षकाने वर्गात शेजारी बसून दाखवायचे असते. आणि तो तर माहितीचे तक्ते भरण्यात गुंतलेला!

2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात मार्गदर्शक शिक्षकांची कल्पना मांडली आहे. पण कागदाने लेकरे शिकत नाहीत. आमची मागणी साधी आहे. प्रत्येक केंद्रात नव्या शिक्षकामागे एक अनुभवी शिक्षक लेखी आदेशाने नेमा आणि त्यासाठी त्याला इतर कामांतून मोकळीक द्या. संविधानाच्या कलम 21-अ चा हक्क पटावर नाव लागले म्हणून पुरा होत नाही.

आमच्या निवृत्त गुरुजींनीही पुढे यावे. केळुसकरांनी कोणाच्या आदेशाची वाट पाहिली नव्हती.