गॉस्पेल गायक आणि लौकिक संगीत

ख्रिस्ती भक्तिगीते गाणाऱ्या कलावंताने प्रेमगीते वा नृत्यगीतेही गावीत की नाहीत, हा प्रश्न विसाव्या शतकात अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये दीर्घकाळ गाजला. हा विरोध वाद्यांना व ठेक्याला होता, असा समज आढळतो. तो पुरता खरा नाही. स्तोत्रसंहितेतील १५०व्या स्तोत्रात तंतुवाद्ये, झांजा व नृत्य यांनी परमेश्वराचे स्तवन करण्यास सांगितले आहे, आणि ‘चर्च ऑफ गॉड इन ख्राइस्ट’ या पेंटेकोस्टल पंथात उपासनेतच अशी वाद्ये वाजत. खरा वाद गीताच्या शब्दांचा आणि ते कोठे गायले जाते याचा होता.

गॉस्पेल संगीताचे जनक मानले जाणारे थॉमस डॉर्सी (१८९९–१९९३) पूर्वी ‘जॉर्जिया टॉम’ या नावाने ब्लूज वाजवीत. ब्लूजचे वळण त्यांनी भक्तिगीतांत आणले, तेव्हा प्रारंभी अनेक चर्चनी ते नाकारले. पुढे तेच रूढ झाले. उलट दिशेचा प्रवास मात्र महाग पडे. सिस्टर रोझेटा थार्प यांनी १९३८ मध्ये डॉर्सींचेच एक भक्तिगीत ‘रॉक मी’ या नावाने ध्वनिमुद्रित केले आणि त्याच वर्षी त्या न्यूयॉर्कच्या कॉटन क्लबमध्ये गायल्या. जेथे मद्य व नाच चालतो तेथे देवाचे गाणे गावे, हे अनेक भाविकांना रुचले नाही.

सॅम कुक हे धर्मोपदेशकाचे पुत्र आणि ‘सोल स्टिरर्स’ या भक्तिगीत गाणाऱ्या संचाचे प्रमुख गायक होते. १९५६ च्या अखेरीस त्यांनी ‘लव्हेबल’ हे लौकिक गीत ध्वनिमुद्रित केले. श्रोते दुरावतील या भीतीने ते ‘डेल कुक’ या टोपणनावाने प्रसिद्ध झाले. ‘वंडरफुल’ या त्यांच्याच भक्तिगीताचे ते रूपांतर होते. चाल तीच, देवाच्या जागी प्रेयसी! नाव बदलले तरी आवाज थोडाच लपतो? श्रोत्यांनी तो ओळखला, आणि कुक यांना संच सोडावा लागला. १९५७ मधील ‘यू सेंड मी’ अमेरिकेत लोकप्रियतेत पहिल्या क्रमांकावर पोहोचले.

महेलिया जॅक्सन यांनी ब्लूज गाण्याचे व नाइट क्लबचे प्रस्ताव कायम नाकारले. तरीही १९५८ मध्ये त्या न्यूपोर्टच्या जॅझ महोत्सवात गायल्या. गीते अर्थात भक्तीचीच होती.

अरेथा फ्रँकलिन यांना लौकिक गायनासाठी त्यांच्या धर्मोपदेशक वडिलांचाच पाठिंबा होता. कीर्तीच्या शिखरावर असताना, जानेवारी १९७२ मध्ये, त्यांनी लॉस एंजेलिसच्या एका बॅप्टिस्ट चर्चमध्ये ‘अमेझिंग ग्रेस’ हा भक्तिगीतांचा संग्रह ध्वनिमुद्रित केला. अरेथाने चर्च कधी सोडलेच नव्हते, असे त्यांच्या वडिलांनी त्या प्रसंगी उपस्थितांना सांगितले.