संथ सायकलीची वाट

नागपूरहून हैदराबादकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग पैनगंगा ओलांडून तेलंगणातील आदिलाबाद जिल्ह्यात शिरतो. मोटारीतून जाणाऱ्याला तेथे राज्य बदलल्याचे कळते ते पाट्यांवरील लिपीमुळे. पत्रादेवी किंवा पोळे येथील नाके ओलांडणाऱ्या गोमंतकीयास हा अनुभव नवा नाही. परंतु भाषा आणि माणसे नाक्यावर बदलत नसतात, हे ज्यास डोळ्यांनी पाहावयाचे असेल, त्याने गुडीहत्नूरला महामार्ग सोडावा आणि इंद्रवेलीवरून उटनूरकडे जाणारी वाट सायकलीने धरावी.

पायी चालण्यास जेवढे श्रम पडतात, जवळजवळ तेवढ्याच श्रमात सायकल माणसाला तिप्पट अंतर नेते, आणि तरीही त्याला भोवतालापासून तोडत नाही. येथे काच नाही, इंजिनाचा आवाज नाही. हिवाळ्यातील सकाळी काळ्या रानात कापसाची वेचणी चाललेली असते. वेचणाऱ्या बायांच्या बोलण्यात मराठी आणि तेलुगू सहज मिसळते. पुढे साग आणि मोह दिसू लागतात, गोंडी आणि कोलामी कानांवर येतात, मध्येच बंजाऱ्यांचा तांडा लागतो. हे सारे ऐकू येते, कारण वाटसरू संथ चालला आहे. चढ आला की उतरावे, सायकल हाताने ढकलावी. त्यात कमीपणा कसला? उलट, पायी चालणाऱ्यालाच वाटेवरचा माणूस 'कुठले पाव्हणे?' म्हणून विचारतो.

मात्र हा आनंद निव्वळ निसर्गशोभेचा नव्हे. इंद्रवेलीला स्मृतिस्तूप आहे. २० एप्रिल १९८१ रोजी जमिनीच्या हक्कासाठी जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी तेथे गोळीबार केला, त्या मृतांचे हे स्मारक. जवळच केस्लापूरला नागोबाचे देवस्थान आहे. पौष अमावास्येच्या यात्रेसाठी मेस्राम कुळातील गोंड गोदावरीचे पाणी पायी चालत जाऊन आणतात. वाहने दारी असतानाही ही वाट पायीच चालण्याचा नेम त्यांनी मोडलेला नाही. चालण्याच्या वेगातही एक श्रद्धा असते, हे त्यांच्यापासून शिकण्यासारखे आहे.

एकेकाळी खेड्यापाड्यांत सायकल ही हौस नव्हती, गरज होती. दूधवाला, पोस्टमन, शिक्षक, सारे तिच्यावरच फिरत. मोटारसायकल आली आणि कष्ट वाचले, हे चांगलेच झाले. त्या कष्टांचे गोडवे शहरातील हौशी मंडळींनी गाऊ नयेत. परंतु वेळ वाचविण्याच्या ओघात वाटेशी असलेली ओळखही आपण गमावली, हा तोटा हिशेबात कोणी धरलेला नाही. ज्या मुलखातून आपण केवळ वेगाने जातो, त्याची सुखदुःखे आपल्याला परकीच राहतात. आणि परक्या मुलखाविषयी मते बनविणे फार सोपे असते.

आदिलाबाद सर्वांनाच साधेल असे नाही. पण पेडण्याचे पठार किंवा सासष्टीची शेते तर आपल्या उंबरठ्याशी आहेत. एखाद्या रविवारी घड्याळ घरी ठेवून निघावे. पोहोचण्याची घाई नसलेल्या माणसालाच वाट काही सांगू लागते.