होणाऱ्या सावत्र बाबांना पहिली भेट काय द्यायची? तीनशे रुपयांत बसणारं उत्तर

समजा, नाशिकमध्ये राहणारी सोळा वर्षांची एक मुलगी आहे. तिचे बाबा जाऊन पाच वर्षं झाली. पुढच्या महिन्यात तिच्या आईचं नोंदणी पद्धतीने लग्न आहे. ज्यांच्याशी लग्न होणार आहे, त्यांना ती 'काका' म्हणते. येत्या रविवारी त्यांचा वाढदिवस आहे आणि ते घरी जेवायला येणार आहेत. त्यांना काहीतरी द्यावं असं तिला वाटतंय. जवळ साठवलेले तीनशे रुपये आहेत. दुकानात तिला 'बेस्ट डॅड' लिहिलेला कॉफी मग दिसतो. किंमतही परवडणारी आहे. ती तो उचलते आणि थोडा वेळ बघून परत ठेवून देते.

अडचण पैशांची नाही. त्या मगवर जे लिहिलंय, ते तिला अजून म्हणायचं नाहीये.

आईच्या किंवा वडिलांच्या होणाऱ्या जोडीदाराला भेट देताना अनेक मुलं इथेच अडतात. भेटवस्तू काहीतरी बोलत असते. आपल्या मनात आहे त्यापेक्षा ती जास्त बोलली, तर देणारा अवघडतो आणि घेणाराही. म्हणून निवड करताना पहिला प्रश्न 'कितीची?' हा नसतो. 'या भेटीतून मला नेमकं काय म्हणायचंय?' हा असतो.

एवढी साधी गोष्ट अवघड का होते?

सुरुवात शब्दापासूनच होते. मराठीतला 'सावत्र' हा शब्द संस्कृतमधल्या 'सापत्न'वरून आला आहे आणि त्याचं नातं 'सवत' या शब्दाशी आहे. म्हणजे या नात्याच्या नावातच स्पर्धा आहे. एखाद्यावर अन्याय झाला की आपण आजही 'सापत्न वागणूक' मिळाली असं म्हणतो. त्यात लहानपणी ऐकलेली ध्रुवाची गोष्ट. वडिलांच्या मांडीवरून त्याला उठवणारी सुरुची सगळ्यांच्या लक्षात राहते. सावत्र आई किंवा बाबा यांच्याशी छान जमलं, अशा गोष्टी मात्र फारशा कानावर पडत नाहीत.

खरं तर अशी कुटुंबं महाराष्ट्राला नवी नाहीत. विधवांच्या पुनर्विवाहाला मान्यता देणारा कायदा १८५६ मध्ये झाला. धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये गोदूबाई या विधवेशी लग्न केलं, तेव्हा त्यांच्या पहिल्या पत्नीचा मुलगा रघुनाथ अकरा वर्षांचा होता. संततिनियमनाच्या कामासाठी पुढे ओळखले गेलेले र. धों. कर्वे ते हेच. त्या लग्नामुळे झालेल्या सामाजिक बहिष्काराबद्दल भरपूर लिहिलं गेलंय. पण अशा घरातल्या मुलांनी नव्या माणसाशी कसं वागायचं, यावर तेव्हाही फारसं कुणी बोलत नव्हतं आणि आजही बोलत नाही.

दुसरं कारण मनातलं आहे. सावत्र कुटुंबांवर अनेक वर्षं काम करणाऱ्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॅट्रिशिया पेपरनाऊ निष्ठेच्या पेचाबद्दल सांगतात. नव्या माणसाशी जवळीक केली, तर आपण आपल्या आईशी किंवा बाबांशी बेइमानी करतोय असं मुलांना वाटतं. आई-बाबा विभक्त झालेले असोत किंवा दोघांपैकी एक हयात नसो, हा पेच पडू शकतो. त्यामुळे साधा पेन घेतानाही मनात येतं, 'बाबांना काय वाटलं असतं?'

असं वाटण्यात काही चूक नाही. पण एका भेटीने कुणाची जागा कुणाला मिळत नाही. कायद्यानेही आईने लग्न केलं म्हणून तिचे पती आपोआप मुलांचे कायदेशीर पालक होत नाहीत. त्यासाठी दत्तक घेण्याची वेगळी प्रक्रिया असते. मुलांचं आडनावही आपोआप बदलत नाही. वाढदिवसाची भेट ही फक्त वाढदिवसाची भेट असते.

स्वस्त भेट दिली तर कसं दिसेल?

फ्रान्सिस फ्लिन आणि गॅब्रिएल अ‍ॅडम्स या संशोधकांनी २००९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. भेट जितकी महाग तितकी ती समोरच्याला जास्त आवडेल, असं देणाऱ्यांना वाटत होतं. घेणाऱ्यांच्या बाबतीत मात्र किंमत आणि आवड यांचा तसा संबंध दिसला नाही.

२०१६ मध्ये जेफ गॅलक, ज्युलियन गिव्ही आणि एलेनॉर विल्यम्स यांनी याचं एक कारण मांडलं. देणाऱ्याचं लक्ष भेट उघडण्याच्या क्षणावर असतं आणि घेणाऱ्याचं लक्ष ती वस्तू पुढे किती उपयोगी पडेल यावर. थोडक्यात, आपण कागद फाडतानाच्या 'वॉव'साठी खर्च करतो, पण समोरच्याला रोज हाताशी येणारी गोष्ट हवी असते.

आपल्याकडे हे नवीन नाही. दसऱ्याला आपट्याची पानं 'सोनं' म्हणून देतात आणि त्याची किंमत कुणी विचारत नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून वाटी, गाळणी किंवा छोटं रोप दिलं जातं आणि ते वर्षानुवर्षं वापरात राहतं.

मग द्यायचं तरी काय?

आधी आठवडाभर नुसतं निरीक्षण करा. ते चहा घेतात की कॉफी? चष्मा कुठेही ठेवून शोधत बसतात का? गाडीत कुठली गाणी लावतात? त्यातून काही सुचलं नाही, तर आईला सरळ विचारा. विचारून आणलेल्या भेटीचं मोल कमी होत नाही.

तीनशे रुपयांच्या आत बसणारे काही पर्याय:

- घरी केलेला चहाचा मसाला: सुंठ, वेलची, मिरी, दालचिनी आणि थोडं जायफळ एकत्र कुटून स्वच्छ बरणीत भरा. बरणीवर तारीख आणि प्रमाण लिहा.
- जुनं पुस्तक: त्यांचा आवडता लेखक माहीत असेल, तर जुन्या पुस्तकांच्या दुकानात कमी पैशांत चांगली प्रत मिळू शकते.
- रोप: मोगरा, गवती चहा किंवा कढीपत्ता. बाल्कनीत नव्या माणसाने आणि जुन्या माणसांनी मिळून पाणी घालावं असं काहीतरी.
- छोटी दुरुस्ती: त्यांच्या बॅगेची बिघडलेली चेन किंवा घड्याळाचा तुटलेला पट्टा आईच्या मदतीने गुपचूप दुरुस्त करून आणा. 'माझं लक्ष होतं' हे यातून न बोलता कळतं.

आणि जवळजवळ फुकटात होणारा आणखी एक पर्याय आहे: घराची वही. साधी दोनशे पानी वही घ्या आणि या घरात कसं राहायचं ते त्यात लिहा. नळाला पाणी किती वाजता येतं. घंटागाडी कधी येते. गिझरचं बटण दोनदा का दाबावं लागतं. आजीच्या चहात साखर नसते, पण आलं लागतंच. जादा किल्ली वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे असते. वायफायचा पासवर्ड. आणि एक महत्त्वाची सूचना: 'सकाळी सातच्या आधी मी कुणाशी बोलत नाही. राग नसतो, झोप असते.'

नव्या घरात येणारा मोठा माणूसही बावरलेला असतो. कपाटातला कुठला कप्पा रिकामा आहे, हे विचारायचाही त्याला संकोच वाटतो. ही वही त्याला 'तुम्ही माझे बाबा आहात' असं सांगत नाही. 'तुम्ही येताय हे मला माहीत आहे आणि तुम्हाला इथे सापडेनासं होऊ नये' एवढंच सांगते. पहिल्या भेटीने एवढं बोललं तरी खूप झालं.

काय टाळावं?

जी हाक तुम्ही मारत नाही, ती छापलेली वस्तू नको. आपल्या बाबांची किंवा आईची आठवण असलेली वस्तू भेट म्हणून देऊ नका. आज मोठेपणा वाटेल, पण उद्या ती दुसऱ्याच्या हातात बघणं जड जाऊ शकतं. उसने पैसे घेऊन महागडं काही आणू नका, त्याने समोरच्यावर परतफेडीचं ओझं येतं. त्यांना स्वतःची मुलं असतील, तर त्यांच्या भेटीशी चढाओढ नको.

आणि फोटो टाकण्याआधी विचारा. 'न्यू डॅड' असं लिहिलेली स्टोरी त्यांची मुलं, तुमचे आजी-आजोबा किंवा विभक्त झालेले बाबा बघू शकतात. लग्नाची बातमी अजून सगळ्यांना सांगितलेली नसेल, तर घोळ वाढतो.

द्यावंसंच वाटत नसेल तर?

तर देऊ नका. 'वाढदिवसाच्या शुभेच्छा, काका' एवढंही पुरेसं आहे. अशा नात्यांची घडी बसायला काही वर्षं लागतात, असं पेपरनाऊही सांगतात. आई 'काहीतरी दे ना' म्हणत असेल, तर 'अजून थोडा वेळ हवाय' असं तिला शांतपणे सांगता येतं. आणि मोठ्यांनीही भेट आली म्हणजे मुलांनी सगळं मनापासून स्वीकारलं, असा अर्थ लगेच काढू नये.

नाशिकच्या त्या मुलीने समजा वहीच द्यायची ठरवली, तर तिला आणखी एक करता येईल. शेवटची दहा पानं कोरी सोडून वर लिहायचं: 'काका, आता तुमच्या सवयी तुम्ही लिहा. चहात साखर किती, हे पहिलं.'