अठरा तासांचा खरा अर्थ

भीमजयंतीच्या निमित्ताने महाराष्ट्रात ठिकठिकाणी सलग १८ तास अभ्यासाचे उपक्रम होतात. बाबासाहेबांच्या ज्ञानसाधनेला ही उचित मानवंदना होय. मात्र हाच आकडा किशोरवयीन मुलांपुढे रोजचे माप म्हणून ठेवला जातो, तेव्हा प्रेरणेऐवजी धास्ती निर्माण होते. पूर्वजांना नाकारली गेलेली विद्या आपल्या लेकरांना मिळावी, ही पालकांची तळमळ रास्तच आहे. परंतु खेळाचा प्रत्येक तास अपराध ठरू लागला, की पुस्तक उघडे राहते आणि मन मिटते.

इतिहास काय सांगतो? परळच्या चाळीतील एका खोलीत संसार, सामान आणि माणसांची गर्दी. अशा घरात सुभेदार रामजी भीमरावांना लवकर झोपवीत, स्वतः जागत आणि रात्री दोनच्या सुमारास मुलाला अभ्यासासाठी उठवून मग आडवे होत. शाळेनंतर भीमराव चर्नी रोडच्या बागेत वाचत बसत. तेथेच कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींचे त्यांच्याकडे लक्ष गेले. १९०७ साली ते मॅट्रिक उत्तीर्ण झाले. या यशामागे जागरणाइतकीच व्यवस्थाही होती: झोपेची वेळ ठरलेली, शांततेची वेळ हेरलेली आणि वडिलांचा त्यात प्रत्यक्ष वाटा. पुढे अखंड कार्यमग्नतेतही बाबासाहेब उतारवयात व्हायोलिन शिकले, हेही मुलांना सांगितले पाहिजे.

तथागतांनी हेच तत्त्व सोण या भिक्षूला समजावले होते. अतिश्रमाने निराश झालेला सोण पूर्वाश्रमी वीणा वाजवीत असे. तार फार ताणली अथवा फार सैल सोडली, तर वीणा नीट वाजत नाही, हे त्याच्याच अनुभवातून त्याला पटवून दिले गेले. सम्यक व्यायाम म्हणजे योग्य प्रयत्न. त्यात आळसाला जागा नाही, तशी आततायीपणालाही नाही.

हे घरी कसे आणावे? प्रथम आठवडाभर मुलाने आपला वेळ कोठे जातो, याची केवळ नोंद करावी. पालकांनी त्यावर शेरा मारू नये. नंतर झोप, शाळा, जेवण आणि घरकाम यांच्या वेळा लिहाव्यात. या वयात ८ ते १० तासांची झोप आवश्यक असते; तिच्यात काटछाट नको. घरकाम मुलगा व मुलगी यांत सारखे वाटावे. अन्यथा बहिणीचे वेळापत्रक भावाच्या सोयीसाठी मोडते आणि समता भाषणापुरती उरते. उरलेल्या वेळेत मन ताजे असताना अवघड विषय घ्यावा आणि पाऊण तासाने थोडे उठावे. मैदान, गायन, मित्र आणि अवांतर वाचन यांनाही वेळापत्रकात हक्काची जागा द्यावी. मोबाइलची वेळ चर्चेने ठरवावी आणि तो नियम मोठ्यांनीही पाळावा. दर रविवारी दोघांनी मिळून आढावा घ्यावा. जे जमले नाही, तेथे आधी वेळापत्रक तपासावे, मग मुलाला बोलावे.

निवासी शाळेच्या संदर्भात एक गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. वसतिगृहात घंटा होते आणि मुले उठतात, वंदना करतात, अभ्यासाला बसतात. सुट्टीत घरी ती घंटा नसते आणि चार दिवसांत सारी घडी विस्कटते. बाहेरून लागलेली शिस्त आतून रुजली नाही, याचेच ते लक्षण होय. म्हणून सुट्टीतले वेळापत्रक मुलाच्या स्वतःच्या हातचे असावे. स्वयंप्रकाशित व्हा, ही शिकवण रोजच्या जगण्यात उतरते ती अशी.

रामजीबाबांनी मुलाचे तास मोजले नाहीत. त्याच्या अभ्यासासाठी स्वतःची झोप मोडली. आपल्या मुलांना उपदेशापेक्षा अशाच सोबतीची गरज अधिक आहे.