कढीपत्त्यावरची अळी आणि जगभरचे गुरुजी

शाळेच्या परसबागेत कढीपत्ता असेल तर पावसाळ्यात एकदा त्याची पानं न्याहाळून बघा. एखाद्या पानावर पक्ष्यानं शिटल्यासारखा तपकिरी-पांढरा डाग दिसेल. काडीनं हळूच डिवचलंत तर तो डाग मान वर करतो, डोक्यामागून दुभंगलेलं शिंग बाहेर काढतो आणि उग्र वास सोडतो. ही अळी. पक्ष्यांनी खाऊ नये म्हणून पक्ष्यांच्याच शिटेचं सोंग घेऊन बसलेली. मोठी झाली की कात टाकून पानासारखी हिरवीगार होते, म्हणजे सोंगही वयानुसार बदलतं!

पाचवीतल्या मुलीनं हे बाईंना दाखवलं आणि बाईंनी फोटो काढला, तर तो बहुतेक वेळा शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जातो. चार अंगठे येतात, कुणी गुलाबाचं फूल टाकतं, एखादे पालक कुठलं औषध फवारायचं ते सांगतात आणि दुसऱ्या दिवशीच्या सुप्रभातांखाली अळी गाडली जाते. वर्गात सोशल मीडिया म्हटलं की आपल्याला सुचतं ते एवढंच: गृहपाठाचा फोटो, सूचना, व्हिडिओची लिंक. फळा तोच, फक्त भिंतीवरून खिशात आला.

त्याच फोटोसाठी आणखी एक जागा आहे. तिचं नाव आयनॅचरलिस्ट. २००८ साली कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात तीन विद्यार्थ्यांनी पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा प्रकल्प म्हणून ती सुरू केली. आज तिथे सजीवांच्या वीस कोटींहून जास्त नोंदी आहेत. बाहेरून बघाल तर हा नेहमीचाच सोशल मीडिया: खातं, फोटो, फॉलो करणं, खाली प्रतिक्रिया. आवडल्याची चांदणीसुद्धा देता येते, पण तिच्याकडे कुणी फारसं बघत नाही. इथे लोक येतात ते एकमेकांचं चुकलेलं दुरुस्त करायला. समाजमाध्यमावर अनोळखी माणसं दिवसभर एकमेकांच्या चुका काढतात आणि त्यातून भांडण न होता ज्ञान तयार होतं, हे मला अजूनही थोडं अविश्वसनीय वाटतं.

ही यंत्रणा साधी आहे. तुम्ही फोटो टाकता. सोबत तारीख आणि ठिकाण हवं. यंत्र काही नावं सुचवतं, त्यातलं एक तुम्ही निवडता किंवा नुसतं 'फुलपाखरू' एवढंच लिहिता. मग कुणीतरी, कुठूनतरी, ती नोंद उघडून आपलं मत देतं. किमान दोन माणसं प्रजातीवर एकमत झाली आणि एकूण मतांपैकी दोन तृतीयांशांहून जास्त मतं त्याच बाजूला पडली, की ती नोंद 'संशोधनयोग्य' ठरते. त्यानंतर परवाना आड येत नसेल तर ती कोपनहेगनच्या जीबीआयएफ या जागतिक जैवविविधता भांडारात जाते, जिथून जगभरचे शास्त्रज्ञ विदा उचलतात. थोडक्यात, परसबागेतली अळी डेन्मार्कमधल्या दप्तरी दाखल होऊ शकते.

गंमत आहे ती मतं देण्याच्या टप्प्यावर. समजा, त्या अळीचा कोष झाला आणि त्यातून काळं फुलपाखरू निघालं: मागच्या पंखांवर पांढरे ठिपके, कडेला लाल चंद्रकोरी, खाली शेपट्या. यंत्र म्हणतं, कॉमन रोज. पुस्तकातलं चित्रही तसंच दिसतं. वर्ग खूश. इतक्यात कुणीतरी एक ओळ लिहितं: पंख सोडा, धड बघा. कॉमन रोजचं धड लाल असतं. याचं काळं आहे. ही कॉमन मॉरमॉनची मादी.

आता वर्गाला प्रश्न पडणारच, की मग ती दुसऱ्याचे कपडे घालून का फिरते? कॉमन रोजची अळी ईश्वरीसारख्या विषारी वेलींवर वाढते आणि ते विष अंगात साठवते. पक्ष्याला एकदा चव कळली की तो पुन्हा त्या वाटेला जात नाही. कढीपत्त्यावर वाढलेली मॉरमॉन मात्र खायला अगदी निर्धोक. म्हणून तिच्या काही माद्या रोजचा पेहराव उचलतात. काही दुसऱ्याच विषारी फुलपाखराची, क्रिमझन रोजची, नक्कल करतात आणि काही चक्क आपल्या नरासारख्याच दिसतात. एकाच जातीच्या माद्यांची तीन रूपं! निरुपद्रवी जिवानं विषारी जिवाचं सोंग घेण्याचा हा प्रकार हेन्री बेट्स या इंग्रज निसर्गाभ्यासकानं ॲमेझॉनच्या जंगलातल्या फुलपाखरांवरून १८६२ साली मांडला. परिसर अभ्यासाच्या पुस्तकात ही गोष्ट एका परिच्छेदात सांगता येईल, पण आपण स्वतः फसल्यावर ती जशी कळते तशी परिच्छेदातून कळत नाही. ज्या सोंगाला पक्षी फसतो त्याच सोंगाला यंत्र फसलं, आणि चौतीस पोरं व एक बाईही.

आणि फसण्याचे गुण कापले गेले नाहीत. आपल्या शाळेत चुकीचं उत्तर म्हणजे लाल फुली. इथे चुकलेलं मत खोडलेल्या रूपात नोंदीखाली तसंच राहतं, त्याच्याखाली सुधारलेलं. मोठे तज्ज्ञही आपली मतं अशी मागे घेतात आणि मुलांना ते दिसतं. मताला वजनही सारखंच: प्राध्यापकाचं एक, आठवीतल्या मुलाचं एक. प्राध्यापकांना जिंकायचं तर 'धड बघा' असं कारण द्यावं लागतं, हुद्दा सांगून भागत नाही.

कधीकधी तज्ज्ञही थक्क होतात. कोलंबियातल्या लुईस माझारिएगोस यांनी आपल्या राखीव जंगलातल्या एका लालसर इवल्या बेडकाचा फोटो टाकला. अमेरिकेत बसलेल्या टेड कान या विषारी बेडकांच्या जाणकारानं तो पाहिला आणि त्याला ओळखताच येईना. दोघांनी मिळून शोध घेतला, आणि २०१३ मध्ये विज्ञानाला नव्या असलेल्या प्रजातीचं वर्णन प्रसिद्ध झालं.

आपल्याकडच्या वर्गासाठी मात्र बेडकापेक्षा तण बरं. कुंपणाशी उगवणारी एकदांडी सगळ्यांना माहीत असते: लांब देठावर एकच पिवळट फूल, आणि खरचटलं की पाला चुरगळून लावायचा. मुलांना ती आपल्या मातीतली वाटते. आयनॅचरलिस्टवर तिचा नकाशा उघडला की ठिपके पसरत थेट मेक्सिको आणि मध्य अमेरिकेपर्यंत जातात, कारण तिचं मूळ घर तिथलं. शेजारचं गाजरगवतही अमेरिकेचंच. पुण्यात ते १९५५ च्या सुमारास नोंदवलं गेलं आणि पुढे देशभर माजलं. भूगोलाच्या तासाला नकाशात देश रंगवणं आणि स्वतःच्या कुंपणाचा ठिपका मेक्सिकोच्या ठिपक्याशी जुळताना पाहणं, यात फार अंतर आहे.

आता अडचणी. एखाद्या शिक्षकानं 'प्रत्येकी वीस नोंदी आणा' असं फर्मान काढलं की काय होतं, ते तिथले जुने सदस्य वैतागून सांगतात: कुंडीतली जास्वंद, शेजाऱ्याचं कुत्रं, कॅन्टीनमधलं सफरचंद आणि बाकावरच्या मित्राचा फोटो, खाली प्रजाती 'माकड'. फुकट सल्ला देणाऱ्या माणसांवर हा कचरा ओतायचा नसतो. त्यापेक्षा आधी बाईंनी स्वतः महिनाभर नोंदी करून बघाव्यात, मग मुलांना चार नोंदी करू द्याव्यात, पण नीट: पानाची वरची बाजू, खालची बाजू, देठ, फूल, आणि आकार कळावा म्हणून शेजारी पेन्सिल.

मुलांच्या सुरक्षेकडेही डोळेझाक नको. तेरा वर्षांखालच्यांना स्वतःहून खातं उघडता येत नाही, आणि आपला २०२३ चा विदा संरक्षण कायदा अठरा वर्षांखालच्या प्रत्येकासाठी पालकांची संमती मागतो. त्यामुळे खातं एकच, बाईंचं. मुलं फोटो काढणार, बाई टाकणार. घराच्या अंगणातली नोंद असेल तर ठिकाण धूसर करायची सोय आहे, मग ठिपका सुमारे वीस-बावीस किलोमीटर लांबी-रुंदीच्या चौकोनात कुठेही पडतो. धोक्यात असलेल्या प्रजातींसाठी ही धूसरता आपोआप लागू होते, शिकाऱ्यांना पत्ता मिळू नये म्हणून. खातं नकोच असेल तर त्याच मंडळींचं सीक नावाचं ॲप आहे. ते लॉगिन न मागता कॅमेऱ्यातून ओळख सुचवतं, फक्त तिथे भांडायला कुणी नसतं. रेंज नसलेल्या गावातही अडत नाही: नोंद फोनमध्ये राहते आणि तालुक्याला गेल्यावर चढते.

राहता राहिलं ते यंत्र. नावं सुचवणारा तो कॅमेरा हुशार आहे तो लोकांनीच टाकलेल्या फोटोंवर. एखाद्या प्रजातीचे साधारण शंभरेक फोटो जमले की तिचा यंत्राच्या अभ्यासक्रमात समावेश होतो. त्याआधी ते जवळच्या भलत्याच जातीचं नाव ठोकून देतं. महाराष्ट्राचा नकाशा उघडा: मोठ्या शहरांभोवती आणि घाटमाथ्यावर ठिपक्यांची दाटी, आडवळणाच्या तालुक्यांत मोकळं रान. तिथली फुलपाखरं निदान परिचित तरी आहेत. टोळ, ढेकूण, कोळी, शेणकिडे यांचं काय? अशा तालुक्यातल्या एखाद्या वर्गानं जूनपासून सप्टेंबरपर्यंत बांधावरचे टोळ टिपले, कुणी जाणकारानं ते ओळखून दिले, आणि हळूहळू शंभरचा आकडा पार झाला, तर पुढच्या वेळी यंत्र शिकायला बसेल तेव्हा त्या टोळाचा धडा त्याच्या पुस्तकात असेल. मग बेळगावात किंवा भंडाऱ्यात कुणी तोच टोळ कॅमेऱ्यासमोर धरला, की कॅमेरा नाव सांगेल. आणि ते त्याला पाचवीच्या पोरांनी शिकवलेलं असेल.