'मंडळी' या शब्दाचे दोन अर्थ

कर्जतच्या अलीकडे भिवपुरी रोड स्थानकावर गाडीची वाट पाहणारे दोन परिचित गृहस्थ परस्परांना सहज विचारतात, "घरची मंडळी बरी आहेत ना?" जुन्या पिढीत या शब्दात सारे कुटुंब येई आणि, नाव उच्चारण्याच्या संकोचापायी, पत्नीही येई. मराठी प्रॉटेस्टंट परंपरेने 'चर्च'साठी हाच शब्द स्वीकारला. चर्च म्हणजे इमारत नव्हे, तर श्रद्धावंतांचा समुदाय, हा मूळ ग्रीक शब्दाचा आशय त्यात नेमका उतरला. शिवाय दांपत्याचा धागाही नकळत गुंफला गेला.

हा धागा बायबलमध्येच आहे. नव्या करारातील इफिसकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात ख्रिस्ताचे मंडळीवरील प्रेम हा पतीच्या प्रेमाचा आदर्श सांगितला आहे. पत्नीने पतीच्या अधीन असावे, हे त्यातील विधान पुष्कळांना पाठ असते. पतीने ख्रिस्ताप्रमाणे स्वतःला समर्पित करावे, या अटीचा मात्र सोयीस्कर विसर पडतो. ख्रिस्ती श्रद्धेनुसार मंडळी निर्दोष होती म्हणून ख्रिस्ताने प्राण दिला नाही. ती निर्दोष व्हावी म्हणून दिला. बाजारात मालाची प्रत पाहून किंमत ठरते; येथे किंमत आधी मोजली जाते, प्रत मागाहून येते.

हे तत्त्व आचरणात किती अवघड, हे रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या संसारात दिसते. १८९५ मध्ये त्यांनी पत्नीच्या संमतीवाचून बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंच्या वाट्याला आलेली ताटातूट 'स्मृतिचित्रे'त नोंदलेली आहे. पुढे त्या पतीकडे आल्या, तरी आरंभी सोवळे-ओवळे पाळीतच राहिल्या. विचारांती त्यांनी जातिभेद टाकला आणि १९०० मध्ये स्वतः बाप्तिस्मा घेतला. दुसऱ्याच्या मनाला उमलण्यास वेळ द्यावा लागतो, हा धडा टिळकांना संसारानेच दिला असावा. १९१७ मध्ये त्यांनी स्थापिलेला 'देवाचा दरबार' बाप्तिस्मा घेतलेल्यांना व न घेतलेल्यांना सारखाच खुला होता.

सारांश, या श्रद्धेत प्रेमाचा पहिला भार बलवानावर आहे. जेथे पती केवळ आज्ञा करतो, किंवा ख्रिस्ती म्हणविणाऱ्या समाजात जुनी जात नव्या नावाने पंक्तीला बसते, तेथे वचन वाचले जाते, पाळले जात नाही. ख्रिस्ती नसलेल्या वाचकानेही ही कसोटी आपल्या घरी लावून पाहावी. मंडळी बरी आहेत की नाहीत, याचे खरे उत्तर अखेर मंडळींनीच द्यावयाचे असते.